वरीलप्रमाणे

मतदार नोंदणी कचेरीतल्या मोठ्या बाईंना काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं की उलट जास्तच काळजी. म्हणजे काहीतरी आपल्या नजरेतून सुटलंय, असं त्यांना वाटे. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप दोनदा ओढायचं, जिना उतरून खाली आल्यावर परत वर जाऊन आणखी एकदा ओढायचं. लेक लहानपणी म्हणायची, "आई, कुलपाला दुखत असेल गं."

लेकीचं घरातलं नाव बारकी. बारकी आता पंचवीस वर्षांची, आईपेक्षा वीतभर उंच, आणि कोर्टात टायपिस्ट. पण घरातलं नाव एकदा चिकटलं की ते उंची बघत नाही. बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हापासून दोन खोल्यांत या दोघीच. बारकीची नोकरी अजून कच्ची होती. वर्षभराचं काम बघून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. काम चांगलं होतं, वरचे खूश होते, राहिला होता एकच कागद: मतदार यादीतल्या तिच्या नोंदीची शिक्क्याची प्रत. तो कागद आईच्याच टेबलावरून निघायचा, म्हणजे त्याची काळजी नको, असं बारकी म्हणाली. ज्या गोष्टीची काळजी नको असं कुणी सांगितलं, त्या गोष्टीची बाई त्याच दिवसापासून काळजी करू लागत.

कोर्टाला हा कागद कशाला, ते सांगायला हवं. मतदार म्हणून नाव घालायच्या फॉर्मवर एक रकाना असे: पक्ष. ज्याला आपला पक्ष लिहायचा त्यानं लिहावा, ज्याला नको त्यानं 'कोणताही नाही' लिहावं. लिहिल्याचा फायदा एवढाच, की पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायच्या मतदानात फक्त त्या पक्षाच्या नोंदलेल्या माणसांना जाता येई. पक्ष बदलता येई, सोडताही येई, पण बदल लागू व्हायला नव्वद दिवस लागत. आणि दोन ठिकाणच्या नोकरांना पक्ष अजिबात चालत नसे: एक नोंदणी कचेरी आणि दुसरं कोर्ट. पक्ष निघाला तर नोकरी संपली, आणि वर दोन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

पक्ष तसे दोनच, आणि लोक त्यांना निशाणीनंच ओळखत. एक शिडी, एक छत्री. बाईंनी दोघांपासून इतकं अंतर राखलं होतं की बघणाऱ्याला हसू यावं. पावसात त्या छत्री घेत नसत, रेनकोट घालत. माळ्यावरचं काही काढायचं तर स्टुलावर स्टूल ठेवून चढत, पण घरात शिडी आणत नसत. शेजारीपाजारी निवडणुकीचं बोलायला लागले की गॅसवर काहीतरी करपल्याचं निमित्त करून आत पळत. बातम्या लागल्या की आवाज बंद. बारकी अशा घरात वाढली. आठवीत असताना तिनं एकदा विचारलं होतं, "आई, तुला कोण चांगलं वाटतं?" त्यावर बाई म्हणाल्या, "अभ्यास कर." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही, आणि बाईंना वाटलं, पोरगी शहाणी आहे.

बाईंचं रजिस्टर घरवार होतं. एका घरातली सगळी माणसं एकाखाली एक: आधी घरातलं कर्तं माणूस, मग नवरा नाहीतर बायको, मुलं, सुना. पत्ता एकच, म्हणून खालच्यांच्या पत्त्यापुढं दोन बारीक रेघा. रेघांचा अर्थ वरीलप्रमाणे. पक्षाच्या रकान्यातही तसंच. एकतीस वर्षं बाईंनी अशा रेघा ओढल्या होत्या, आणि पट्टी न लावता त्या सरळ येत याचा त्यांना गुपचूप अभिमान होता.

यंदा हुकूम आला, की यादी आता घरवार नको, अक्षरवार हवी. वरच्या कचेरीनं रजिस्टर नेऊन कॉम्प्युटरवर चढवलं. चढवणाऱ्यांना सांगितलं होतं, जसं आहे तसं उतरवा. त्यांनी रेघाही तशाच उतरवल्या. मग मशीननं एका झटक्यात नावं अक्षरवार लावली. घरं मोडली, सासरे एका पानावर, सुना दुसऱ्या पानावर. शेवटी कुणा शहाण्याला वाटलं, या रेघा बऱ्या दिसत नाहीत. त्यानं प्रत्येक रेघेच्या जागी तिच्या वरच्या ओळीतला मजकूर भरून टाकला. पत्ते चुकलेले कुणाच्या तरी लगेच लक्षात आले, ते त्यांनी दुरुस्त केले. पक्ष कुणी बघितला नाही. जो तो आपापल्या परीनं नीटच वागला होता. सरकारी घोटाळे बहुतेक असेच होतात, त्यात चोर सापडत नाही.

सोमवारी सकाळी यादी कचेरीच्या व्हरांड्यात लागली. ज्याला आक्षेप घ्यायचा त्यानं पुढच्या सोमवारी पाच वाजेपर्यंत घ्यावा. बाईंनी आधी स्वतःचं नाव बघितलं: कोणताही नाही. मग लेकीचं बघितलं. पुढं लिहिलं होतं: शिडी.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. शिडीच होती. मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. तिथं चौकातल्या किल्लीवाल्याचं नाव होतं, जो आपल्या टपरीवर बारा महिने शिडीचा झेंडा लावतो. बारकीचं आणि त्याचं पहिलं अक्षर एकच. बाईंना एका क्षणात सगळं समजलं, आणि समजल्यावर जास्तच भीती वाटली, कारण त्या फळ्यावर जवळजवळ एक हजार नावं होती आणि त्यातल्या निम्म्यांपुढं त्यांनीच रेघा ओढल्या होत्या.

दुपारपर्यंत खिडकीपाशी बाजार भरला. शिडीच्या जुन्या पुढाऱ्याचं नाव रजिस्टरात त्याच्या मुलाखाली होतं. तो आता छत्रीत निघाला. काठी आपटत तो ओरडत होता, "चाळीस वर्षं शिडी धरलीय मी!"

रांगेत मागं किल्लीवाला उभा होता. तो म्हणाला, "मग उतरा की काका आता. पाय दुखले असतील."

सगळे हसले. बाईंनाही हसू आलं असतं, पण त्यांचा सगळा जीव एका ओळीत अडकला होता. जो तो मशीनला शिव्या देत होता, वरच्या कचेरीला शिव्या देत होता, आणि बाई मूग गिळून आक्षेपाचे अर्ज घेत होत्या. रेघा कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी बारकी आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"बघितलंस?"

"कोर्टातल्या एका बाईनं सांगितलं," बारकी म्हणाली. तिनं चपला काढल्या, एकावर एक पडल्या त्या सरळ केल्या नाहीत. "शिडी. आई, मी शिडीवाली नाही, एवढं नक्की."

"मला माहितीये गं. घोटाळा झालाय. मी बघते."

"काय बघतेस?"

"सगळं. रजिस्टर बघते, फॉर्म बघते, जे जे लागेल ते."

बारकी पाणी प्यायला गेली आणि ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली. "फार खणत बसू नकोस," ती म्हणाली. "आक्षेपाचा अर्ज मी देते. तो लागला तर ठीक."

"लागला तर? एक तारीख तेरा दिवसांवर आहे!"

"म्हणूनच म्हणते, सोड."

बाईंना वाटलं, पोरगी घाबरलीय. त्या स्वतः घाबरल्या की सगळं जग घाबरलंय असं त्यांना वाटे. त्या रात्री त्या कुशीवर कुशी बदलत राहिल्या आणि पहाटे उठून गॅसचं बटण बघून आल्या.

बुधवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब बदलून येऊन दोनच महिने झाले होते आणि त्यांना घोटाळा लवकर आवरायचा होता. ते म्हणाले, "जुनं रजिस्टर आपल्याकडं आहे ना? त्यात जे आहे ते खरं. रेघ असेल तिथं त्याच घरातलं वरचं नाव बघा, आणि तो पक्ष लावा. सोमवारी यादी बंद. फॉर्म उघडत बसू नका, त्यात वर्ष जाईल."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. रजिस्टरात बारकी कुठं होती? आईच्या खाली. आईपुढं काय होतं? 'कोणताही नाही'. आणि बारकीपुढं दोन रेघा. संपलं. त्या दिवशी त्यांनी डबा पूर्ण खाल्ला, शेजारच्या टेबलावरच्या बाईला आपल्यातलं अर्धं केळं दिलं, आणि घरी जाताना बारकीसाठी जिलेटीनच्या कागदातल्या गोळ्या घेतल्या, ज्या ती सहावीत असताना खायची.

कुठलाही शहाणा माणूस इथं थांबला असता. पण तीनदा गॅस बघणारी बाई एकदा बघून कशी थांबेल? कोर्टानं रजिस्टर मानलंच नाही तर? कुणी म्हणालं, आईनंच लेकीचं लिहिलं, तर? सोबत बारकीचा मूळ फॉर्म जोडला, तिच्या हातचा, तिच्या सहीचा, की कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बाई किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेल्या.

खोलीत जुन्या कागदांचा वास होता आणि खिडकी रंगानं चिकटून बसलेली. गठ्ठे वर्षांप्रमाणे रचलेले. बारकी तीन वर्षं दुसऱ्या शहरात कॉलेजला होती, वसतिगृहात राहत होती, तिचं नाव तिथंच होतं. चार वर्षांपूर्वी ती परत आली तेव्हा नाव इकडं आणायचा फॉर्म भरून तिनं बाहेरच्या पेटीत टाकला होता. तो गठ्ठा बाईंना लगेच सापडला. फॉर्मही सापडला. समोरच्या पानावर नाव, जन्मतारीख, पत्ता. बारकीचं ते गोल अक्षर. बाईंना तो दिवस आठवला. पेटीतून तीसेक फॉर्म निघाले होते, त्यात लेकीचं नाव बघून त्यांना गंमत वाटली होती, आणि लगेच रजिस्टर उघडून आपल्या नावाखाली त्यांनी तिचं नाव लिहिलं होतं. घर परत भरल्यासारखं वाटलं होतं.

पक्षाचा रकाना फॉर्मच्या मागच्या पानावर असे. बाईंनी फॉर्म उलटला.

छत्री.

त्याच गोल अक्षरात. खाली सही. रकान्याच्या आत, नीट, न खोडता लिहिलेलं.

बाई गठ्ठ्यावरच बसल्या. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते असं, की हा फॉर्म दुसऱ्याच कुणाचा आहे. मग आलं, कुणीतरी मागाहून लिहिलं. मग जे खरं होतं ते आलं: त्या दिवशी त्यांनी हे पान उलटलंच नव्हतं. कर्त्या माणसाचा फॉर्म त्या नेहमी उलटून बघत. घरातल्या बाकीच्यांचा कशाला बघायचा? नोकरीला लागल्या तेव्हा एका म्हाताऱ्या कारकुनानं त्यांना हे काम शिकवलं होतं. "एकेकाचा पक्ष लिहीत बसलात तर केस पिकतील," तो म्हणाला होता. "घर शिडीचं, म्हणजे सगळं घर शिडीचं. रेघा ओढा आणि पुढं चला." केस तसेही पिकलेच. आणि तक्रार कधी आली नाही, कारण पक्षाच्या मतदानाला येणारी बहुतेक घराची कर्ती माणसंच असत.

मग बाईंना दुसरी भीती वाटली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. त्यांनी त्याच गठ्ठ्यातले वरचे वीस फॉर्म काढले, ज्यांच्यापुढं रेघा होत्या असे, आणि एकेक उलटला. सतरा बरोबर निघाले. तीन नाही. एक बेकरीवाल्याची सून: सासरा शिडी, तिनं लिहिलं होतं छत्री. एक शाळामास्तरांचा मुलगा. एक बाई, जिचा नवरा छत्रीचा वॉर्डप्रमुख होता आणि जिनं स्वच्छ लिहिलं होतं 'कोणताही नाही'. विसात तीन. आणि अशा रेघा किती, चारशे? पाचशे? बाईंनी पुढचे फॉर्म काढले नाहीत. बारकीचा फॉर्म घडी घालून पिशवीत, रुमालाखाली ठेवला. एकतीस वर्षांत कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी घरी नेली नव्हती.

घरी येईपर्यंत त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. बारकी भाजी चिरत होती. बाईंनी फॉर्म तिच्यापुढं ओट्यावर ठेवला, मागचं पान वर करून.

बारकीनं सुरी खाली ठेवली. अक्षराकडं बघत ती म्हणाली, "म्हणजे तुला माहिती नव्हतं?"

"मला? मला कसं असणार?"

"नोकरीचा अर्ज करताना मी तुझ्याकडून प्रत घेतली. त्यावर 'कोणताही नाही'. मी हबकलेच. मला वाटलं, तू बघितलंस. बघून गुपचूप बदललंस. माझ्यासाठी." तिचा आवाज बारीक झाला. "गेलं वर्षभर मला वाटतंय, आईला सगळं माहितीये, आणि ती एक शब्द न बोलता मला सांभाळून घेतेय."

"मी पान उलटलंच नाही गं."

"उलटलंच नाहीस." बारकी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मी घरात शिरले आणि तू माझ्यापुढं रेघा ओढल्यास."

बाईंना हे लागलं. त्या स्टुलावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीला पक्षाबद्दल विचारलं. "का लिहिलंस?"

"तिथं कॉलेजला एक बाई यायच्या बोलायला. त्यांचं मला पटलं. एवढंच. झेंडे नाचवले नाहीत की घोषणा दिल्या नाहीत. फॉर्मवर विचारलं होतं, मी खरं लिहिलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"या घरात?" बारकी म्हणाली, आणि पुन्हा सुरी उचलली.

जेवण झालं तेव्हा बाईंनी सगळं मांडून सांगितलं, कारण बारकीपासून आणखी काही लपवायची त्यांच्यात ताकद नव्हती. साहेब रजिस्टर धरायला तयार आहेत. रजिस्टरात बारकी मोकळी आहे. हा कागद आता घरात आहे, कचेरीत नाही. तो परत गेलाच नाही तर कुणाला काही कळायचं कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि त्या बाकीच्या तिघांचं?" बारकीनं विचारलं. "बेकरीवाल्याच्या सुनेचं वगैरे?"

"त्यांचं रजिस्टरप्रमाणे."

"म्हणजे सासऱ्याप्रमाणे."

बारकीनं ताटं उचलली आणि फॉर्म ओट्यावरच राहिला. दोघींपैकी कुणी त्याला हात लावला नाही. सकाळी निघताना बाईंनी तो पिशवीत ठेवला, कुलूप एकदाच ओढलं, आणि बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गॅस बघितलाच नाही.

त्या तडक साहेबांकडं गेल्या आणि सगळं लिहून आणलेलं पान टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"बाई, काम संपत आलं होतं हो," ते म्हणाले.

"रजिस्टर खरं नाही, साहेब. मी घरातल्यांचे फॉर्म न बघता रेघा ओढल्यात. फॉर्म उघडायला हवेत. सगळे."

"तुमचे नऊ महिने राहिलेत निवृत्तीला. हे लिहून दिलंत तर वरून चौकशी लागेल, कळतंय ना?"

"कळतंय."

साहेबांनी पान उलटलं. मागं बाईंनी चार नावं लिहिली होती, चुकलेली म्हणून सापडलेली. पहिल्या नावाशी ते थांबले. "ही तुमची मुलगी?"

"हो."

"कोर्टात आहे ना ती?"

"एक तारखेला कायम व्हायचीये," बाई म्हणाल्या. साहेबांनी त्यांना पाणी दिलं. वाईट माणूस नव्हता तो, फक्त घाईत होता.

शेवटी असं ठरलं. शुक्रवार, शनिवार, रविवार सगळ्यांनी बसून फॉर्म उलटायचे. जिथं रजिस्टर आणि फॉर्म जुळत नाहीत, त्या माणसाला सोमवारी बोलवायचं, दोन्ही त्याच्यापुढं ठेवायचं, आणि खरं काय ते त्यानं शपथेवर सही करून सांगायचं. रजिस्टर खरं म्हणून सही केली, तर फॉर्म रद्द. बाईंना यात एक फट दिसली आणि त्यांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. बारकीनं येऊन रजिस्टरवर सही केली तर ती अजून सुटत होती. आपण खरं करून टाकलं. आता लेकीनं एवढंसं खोटं करावं. आईला इतकं मागायचा हक्क असतो, असं त्यांनी स्वतःला तीन दिवसांत शंभरदा सांगितलं.

रविवारी संध्याकाळी बारकी कपड्यांना इस्त्री करत होती. बाई म्हणाल्या, "उद्या किती वाजता येशील?"

"चारला तासाभराची रजा काढते. येते तशीच."

"कशावर सही करणारेस?"

बारकीनं बाही पसरली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, उलटी करून परत फिरवली. "तिथं सांगते," ती म्हणाली.

सोमवारी खिडकीवर माणसं सकाळपासून होती. एकूण त्र्याहत्तर फॉर्म जुळत नव्हते. बाई एकेकाला नाव विचारत, पत्ता विचारत, दोन कागद पुढं सरकवत आणि मग विचारत, "पक्ष?" कुणी ताठ मानेनं सांगे, कुणी आधी मागं वळून बघे. बेकरीवाल्याची सून हातावरचं पीठ न धुताच आली होती. तिनं आपला जुना फॉर्म हातात घेऊन बघितला आणि हळूच म्हणाली, "राहू द्या हो बाई. सासऱ्यांचंच राहू द्या. यादी भिंतीवर लागते, मग घरात रोज तेच."

"तुम्ही म्हणाल ते," बाई म्हणाल्या.

तिनं रजिस्टरवर सही केली. जाताना परत वळून म्हणाली, "मी वेगळं लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंत ना? बास झालं." बाईंनी मान डोलावली. बघा, त्या मनात म्हणाल्या, शहाण्या बायका अशाच सुटतात.

साडेचारला बारकी रांगेत दिसली. तिच्यापुढं सहा माणसं होती, मग चार, मग एक. कोर्टातून ती धावत आली असावी, केस कपाळाला चिकटले होते. बाईंना वाटलं, उठावं, तिला हाताला धरून आत न्यावं आणि बस म्हणावं. पण रांग होती, आणि मागं माणसं होती.

"नाव?" बाईंनी विचारलं. नियम सगळ्यांना सारखा.

बारकीनं पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला. बाईंनी रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. फॉर्म जरा मागंच ठेवला. बारकीनं हात लांब करून तोही ओढून घेतला.

"पक्ष?"

बारकी दोन्ही कागद वाचत राहिली. बाई पुढं वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बारके, रजिस्टरवर कर. कुणी विचारणार नाही. माझ्यासाठी कर."

"आई, वर लिहिलंय, 'शपथेवर सांगते'," बारकी तितक्याच हळू म्हणाली. "रोज दहा जणांच्या अशा शपथा टाइप करते मी." मग तिनं आवाज नेहमीसारखा केला. "छत्री."

बाईंनी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. बारकीनं फॉर्मवर सही केली आणि पेन परत दिलं.

"आता मला प्रत हवी," ती म्हणाली. "कोर्टासाठी. आजच देऊन टाकते, त्यांना दुसरीकडून कळायला नको."

"उद्या घे ना गं."

"आज दे."

प्रत काढणं बाईंचंच काम होतं. त्यांनी कोरा कागद घेतला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पक्ष लिहिला, तारीख घातली. वर्षभर पोरगी सकाळी सातला डबा घेऊन निघत होती ते त्यांना दिसत होतं, पहिल्या पगाराच्या दिवशी दारातून ओरडत आली होती तेही. त्यांनी शिक्का शाईवर टेकवला आणि कागदावर ठेवला, दाबला की नाही त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बारकीनं कागद उजेडाकडं धरला. मग तो परत खिडकीतून आत दिला.

"आई, पुसट उठलाय. असा कोर्टात चालत नाही. परत मार."

बाईंनी डोळे पुसले, शिक्का उचलला, आणि दोन्ही हातांनी जोर लावून परत मारला.